सेसू, तुझी कबर आम्ही रिकामीच बुजवली

इकडे ये सेसू, जवळ बस. दाराआडून बघू नकोस, मी काही मारणार नाही. मारायला तू आहेस कुठे! पण चार शब्द ओरडणार आहे आणि ते तू मुकाट्यानं ऐकून घ्यायचे. मध्ये बोलायचं नाही. आयुष्यभर मी वाक्य सुरू करायची आणि तू ते पुरं करायचीस. आता ती सोय राहिली नाही, सुरूही मीच करायचं आणि पुरंही मीच.

असं कुणी करतं का गं? सख्ख्या बहिणीला?

लोक सांगतात, फिलूबाय, रडून घे म्हणजे मोकळं वाटेल. रडते की मी. पण रडू यायच्या आधी राग येतो, आणि राग आला की रडू मागेच राहतं. तुला जाऊन अजून महिना व्हायचाय. फादरांनी देवळात तुझ्यासाठी महिन्याची मिस्सा रविवारी ठेवली आहे. मिस्सा झाली की सगळे फुलं घेऊन दफनभूमीकडे वळतील, कारण तशी पद्धत आहे. मग मधेच कुणाच्या तरी लक्षात येईल की अरे, सेसूबाय तिथे नाहीच. आणि सगळे माझ्याकडे बघतील.

त्या दिवसाचं तुला सांगते. तू तिथेच होतीस, पण तुला माहीत असणार नाही.

तुझा तो नेहमीचा ताप. पाय गेल्यापासून लघवीचा त्रास व्हायचा, ताप चढायचा, इंजेक्शनं घेतली की उतरायचा. या वेळी उतरला नाही. सकाळी इस्पितळात डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं. मी तुझ्या कपाळावर क्रुसाची खूण केली, डोळे मिटले. माझी लेक जेनी एव्हरशाईनच्या तिच्या घरून धावत आली होती. मला म्हणाली, "मम्मी, तू घरी जा. माणसं यायला लागतील. मी मावशीचं बघते."

'मावशीचं बघते.' नीट ऐक शब्द. 'मावशीला घेऊन येते' असं म्हणाली नाही. पोटची पोर माझी, पण वकिलासारखी बोलली. मला बाईला काय कळणार? मी रिक्षा केली आणि उमेळ्याला घरी आले.

बाहेरची खोली धुतली. तुझी शिवणाची मशीन कोपऱ्यात सरकवली. शेजारणींनी बाकं आणली, कुणी चहाचं आधण ठेवलं. मी तुझी ती आकाशी साडी काढून इस्त्री केली. तिच्या ब्लाउजच्या बाह्या तू तीनदा उसवल्या होत्यास आणि तरी म्हणायचीस, बाय, डावी अजून ओढतेय. देवळाची घंटा वाजली. आपल्या गावात मयताची घंटा झाली की कुणी कुणाला विचारायला जात नाही. ज्यानं त्यानं आपापलं काम उचलायचं. बायका जपमाळ घेऊन येतात आणि बाप्ये कुदळी घेऊन दफनभूमीकडे जातात. आजवर कधी कुणी विचारलंय का, मयत येणार आहे ना म्हणून? मयत येणार नाही तर जाईल कुठे!

समोरचा पास्कू दुपारी घामाघूम होऊन दारात आला. गावातली प्रत्येक कबर त्यानंच खणायची, ते जसं काही त्याच्याच नावावर लिहिलंय. म्हणाला, "मावशे, खड्डा तयार हाय. तुमच्या आयच्याच जागेवर. माती मऊ लागली, चटकन झालं. पेटी किती वाजता निघेल?"

मी म्हटलं, "गाडी येऊ दे रे. ती मेली हायवेला अडकली असेल."

तेवढ्यात रिक्षा थांबली. जेनी उतरली. एकटीच. हातात तुझी पिशवी, तुझा चष्मा, तुझा तांब्या.

"मावशी कुठाय?"

"मम्मी, आत चल ना."

"मावशी कुठाय जेनी?"

"मावशी नाही येणार, मम्मी. मुंबईहून तिच्या त्या डॉक्टरांची गाडी आली होती. तिनं स्वतःचा देह तिकडे दिलाय. मागेच ठरवलं होतं तिनं. तिची इच्छा होती, आणि सही माझी घेऊन ठेवली होती."

जपमाळ थांबली. मग तुझी ती मैत्रीण मार्था, जिला कुठेही गप्प राहता येत नाही, ती म्हणाली, "अगं बाई, मग आता आपण जपमाळ कोणासमोर करायची?"

सांग, काय उत्तर देऊ?

मी रडले नाही. मी चपला घातल्या आणि तडक दफनभूमीत गेले. माझ्यामागून सगळ्या बायका. एका घरची माणसं एकाच कबरीत ठेवायची रीत आपली, म्हणून आयची कबर उघडी होती, सेसू. आपल्या आयची. इतकी वर्षं शांत निजली होती बिचारी, तिची झोपमोड करून ठेवलीस आणि स्वतः आली नाहीस. फादर पोचले, त्यांनाही काही कळेना. पास्कू कुदळीवर टेकून उभा. म्हणाला, "फादर, उघडलेली कबर तशीच सोडत नाहीत." कुणी म्हणालं, तिची कात्री ठेवूया आत. कुणी म्हणालं, साडी ठेवूया. मी म्हटलं, "काही ठेवायचं नाही. माझी बहीण म्हणजे कात्री नव्हे. लोटा माती."

आणि मग काय झालं माहीत आहे? माती लोटायच्या आधी एकेक जण पुढे आला आणि मूठभर माती आत टाकून गेला. नेहमी टाकतात तशी. सवयीनंच. पेटीवर माती पडली की कसा आवाज येतो, तो आला नाही. मातीवर माती पडत होती. मीही टाकली. कोणावर टाकली, तूच सांग.

आता मागचं बोलते, कारण हे सगळं तिथूनच सुरू झालं.

नाताळचा तारा गच्चीच्या कठड्यावरून बांधायचा, हा तुझा दरवर्षीचा हट्ट. पास्कू बांधून देतो म्हणाला होता. पण नाही, त्याची गाठ तुला वाकडी दिसते! शिडी सरकली आणि तू खाली अंगणात. पडल्यावर मला काय म्हणालीस आठवतंय? "बाय, माझे पाय जरा सरळ कर गं." पाय सरळच होते, सेसू. तुला ते कळत नव्हते.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. मणका मोडला, आतला मज्जारज्जू चेचला गेला, असं म्हणाले. मणके बसवायला पाठ उघडायचीच होती. तेव्हा त्या डॉक्टरीणबाई तुझ्याशी बोलायला आल्या. हे नवीन आहे, आत्ता कुठे माणसांवर करून बघतोय, उपयोग होईल असं वचन देत नाही, असं त्यांनी दहादा बजावलं. चेचलेल्या जागी पोकळी होते, तिथे तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी, सच्छिद्र अशी एक जाळी ठेवायची. नसांचे तुटलेले धागे तिच्या भोकाभोकांतून वाढत पलीकडे गेले तर गेले. जाळी मग आपोआप विरघळते. मी तर ऐकूनच गार झाले. आणि तू? पाठ मोडलेली बाई तू, त्यांना विचारतेस, "ही जाळी विणलेली असते की टोचलेली? धागा कसला?" शिंपीण ती शिंपीणच! डॉक्टरीणबाई हसल्या. त्या क्षणी तू त्यांची झालीस, माझी राहिली नाहीस, असं मला आता वाटतं.

घरी आल्यावर मला समजावून सांगायचीस. "बाय, पप्पांची पानवेल आठव. वेलीला आधार लावला की ती धरून धरून वर जाते. तसंच हे."

"पण यांचा आधार विरघळतो म्हणतात. आधार गेला की वेल खाली नाही का येणार?"

"तोवर तिचं खोड झालेलं असतं."

"पानवेलीचं कधी खोड झालंय गं? शेतकऱ्याची मुलगी ना तू?"

मग दोघी हसायचो. ते भांडण तसंच राहिलं.

आणि तो दिवस. मी तुझं अंग पुसत होते. कंबरेखाली मी कसं पुसायची, तर टेबल पुसावं तसं. तुला कळतच नव्हतं काही, मग पाणी कसं का असेना. मांडीवर कापड ठेवलं आणि तू म्हणालीस, "पाणी कडत आहे गं, जरा विसण घाल."

मी पुढच्या कामाला लागलेसुद्धा. मग हात थांबला. तुझ्याकडे बघितलं तर तू माझ्याकडे बघतेस. पुन्हा कापड बुडवलं, डोळे मीट म्हटलं, आधी इकडे ठेवलं, मग तिकडे. "उजवीकडे. आता नाही. आता परत उजवीकडे." आपण दोघी म्हाताऱ्या काय ओरडलो! पास्कू धावत आला, त्याला वाटलं घरात साप निघाला.

तुझे पाय काही चालले नाहीत. उजव्या मांडीला तेवढं ऊनगार कळायला लागलं आणि अंगठा कधीमधी मनात आलं तर हलायचा. बाहेरच्यांना वाटायचं, एवढंसंच? आपल्याला ते घरात नवं माणूस आल्यासारखं होतं. पायाची मशीन बंद पडली होती, तिला तू हाताचं चाक लावून घेतलंस आणि पुन्हा लहान पोरींचे देवळातल्या पहिल्या कम्युनियनचे पांढरे झगे शिवायला लागलीस.

पण हे झालं कशानं? तू म्हणायचीस, जाळीनं. मी म्हणायची, मरियामातेनं. मी नऊ दिवसांची नोव्हेना एकदा नाही, कितीदा केली होती. आणि डॉक्टरीणबाई दोघींनाही दाद द्यायच्या नाहीत. "सांगता येत नाही. मार लागल्यावर काही जणांना थोडंसं आपोआपही परत येतं." मी त्यांच्यावर डाफरले, "माझ्या बहिणीच्या मांडीला कळलं ते तुमच्या मशीनला कळत नाही?" त्या शांतपणे म्हणाल्या, "आजी, फोटोत भिंत दिसते. भिंतीच्या आत वायर जोडली गेली की नाही ते दिसत नाही. त्यासाठी भिंत उघडावी लागते."

तेव्हाच तुझ्या डोक्यात किडा शिरला असणार.

एकदा टीव्हीवर देहदानाचं काही चाललं होतं. मी म्हटलं, "मला नाही चालणार. तुला तर नाहीच. एकदा उघडलंय तेवढं पुरे. आता कुणी सुरी लावायची नाही. तू आयच्या शेजारी आणि तुझ्या शेजारी मी." तू सुईत दोरा ओवत होतीस. म्हणालीस, "भिंतीकडची बाजू मला दे हं, तू घोरतेस." बस्स, एवढंच. मी त्याला कबुली समजले. जी बाई प्रत्येक गोष्टीला फाटे फोडायची ती इतक्या सहज ऐकते, यात मला काही खटकलंच नाही. कारण तू माझ्याशी खोटं वागशील हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

त्यानंतर किती संध्याकाळी आपण एकत्र बसलो. किती वेळा मी त्या जागेबद्दल बोलले, तिथे मोगरा लावू, फरशी घालू. तू हो हो म्हणत राहिलीस. आणि तिकडे जेनीला बोलावून, मी बाजारात गेलेली बघून, सगळं पक्कं केलंस. माझ्याच घरात. माझ्याच पोरीला माझ्यापासून चोरून. पाठ फिरवून नव्हे गं, तुला तर पाठ फिरवताही यायची नाही माझ्या मदतीशिवाय! मी तुला कुशीवर वळवायची आणि तू मला फसवायचीस.

मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाई घरी आल्या. मी पाणीसुद्धा विचारणार नव्हते. पण त्या दारातच म्हणाल्या, "मी शिव्या खायला आलेय." मग काय करणार, बस म्हटलं. त्यांनी सांगितलं, तो भाग काढून ठेवलाय, त्याचे पापुद्र्यासारखे काप करून दुर्बिणीखाली बघायचे. जाळी कधीच विरघळून गेलेली असेल. तिच्या जागी नसांचे धागे पार गेलेत, की नुसता वण भरलाय, की पोकळीच राहिलीय, हे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसेल. वेळ लागेल म्हणाल्या. जिवंत माणसात हे कधीच कळलं नसतं.

मी म्हटलं, "मग तेवढाच भाग घ्यायचा होता. बाकीची माझी बहीण मला का नाही दिलीत?"

त्या म्हणाल्या, "आम्ही तेच सुचवलं होतं, आजी. असं कापलेलं शरीर शिकवायला सहसा घेतही नाहीत. पण त्या ऐकेनात. आमच्याच कॉलेजात होतं म्हणून जमवलं. म्हणाल्या, एवढं कापड उरतंय, मुलांना हात बसवायला द्या."

बघ बघ! उरलेलं कापड कधी टाकलं नाहीस. चिंध्यांच्या गोधड्या केल्यास, त्यांच्याही उरल्या तर बाहुल्या. पण स्वतःचं माप घेताना एकदा तरी विचारायचं होतंस, यातला तुकडा माझ्या बहिणीला हवा असेल का.

"सगळं झाल्यावर जे राहील ते द्याल?" मी विचारलं. त्या खोटं बोलल्या नाहीत. "ते मी कबूल करू शकत नाही." मी चहा टाकला. खोटं न बोलणाऱ्या माणसाला चहा द्यायला हरकत नाही, तेवढ्यापुरतं तरी.

जेनीशी मी पंधरा दिवस बोलले नाही. ती यायची, डबा ठेवायची, जायची. परवा मी म्हटलं, "तुझ्या आईला एकदा सांगावंसं नाही वाटलं?" तर रडायलाच लागली. म्हणाली, "मम्मी, रोज वाटायचं. मावशीनं शपथ घातली होती. ती म्हणाली, बायला विचारलं तर ती नको म्हणेल, आणि बाय नको म्हणाली की माझ्याच्यानं होणार नाही. मी देवाचं मोडेन, डॉक्टरचं मोडेन, बायचं मोडता येत नाही मला."

हे ऐकून मी तिला जवळ बसवलं.

म्हणजे तुला मला दुखवायचं नव्हतं. तू मला घाबरलीस. तुला कळायचं की माझा एक शब्द पुरेसा आहे. एवढं वजन माझ्या शब्दाला होतं हे तू असताना कळू दिलं नाहीस. तेव्हा तर चहात साखर किती यावरूनही ऐकायची नाहीस. आणि खरं सांगू, मी नकोच म्हटलं असतं. हात धरून, देवाची आण घालून म्हटलं असतं. तू ओळखलंस ते बरोबर ओळखलंस. पण म्हणून दगा हा दगा राहत नाही का? माझ्यावर जीव होता म्हणून फसवलंस, म्हणजे मी फसले नाही का? जिवंतपणी भांडली असतीस तर मी हरले असते किंवा जिंकले असते. तू भांडणच दिलं नाहीस मला. आपल्या भांडणाचा निकाल लावायला माझ्या माघारी निघून गेलीस.

आणि तुझा तो निकाल येईल तेव्हाचं आत्ताच ऐकून ठेव. दुर्बिणीखाली धागे पार गेलेले दिसले, तर मी म्हणणार, मरियामातेनं ओवले. जाळीत का ओवले, तर तिला काहीतरी धरायला हवं होतं. आणि नाही दिसले, वण दिसला नुसता, तर मी तुझी बाजू घेणार. सांगणार त्यांना, नीट बघा, माझ्या बहिणीला पाणी कडत लागलं होतं, मी होते तिथे, कापड माझ्या हातात होतं. कुठल्या तरी पोरीची पाठ उद्या मोडेल आणि तुझ्या कापांकडे बघून कुणाला तरी नवं काही सुचेल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. होवो बाई. त्या पोरीच्या आईनं एखादी प्रार्थना तुझ्या नावानं करावी. तेवढ्यापुरती मी तुझ्यावर खूश आहे. बाकीची नाही.

मला माफ करता येत नाहीये, सेसू. फादर म्हणतात, हळूहळू येईल. येईल तेव्हा येईल. मी शाळा फार शिकले नाही, जे वाचते-लिहिते ते देवळातल्या पुस्तकांवरून आणि तू कपडे गुंडाळून आणायचीस त्या वर्तमानपत्रांवरून. त्यामुळे मोठं काही लिहिता येत नाही. जे पोटात आहे ते लिहिलं.

पण एक अडचण आहे ती तुलाच सोडवायची आहे. माणूस गेलं की आपण त्याच्याकडे जातो. मृतांच्या दिवशी जातो, कबर धुतो, फुलं लावतो, मेणबत्ती पेटवतो, दोन गोष्टी सांगतो. मी आयकडे जाते तशी तुझ्याकडे यायची. तू मला यायला ठिकाणच ठेवलं नाहीस. त्या कॉलेजच्या दारात मेणबत्ती घेऊन उभी राहिले तर वॉचमन हाकलेल. मला येता येणार नाही म्हणून आता तूच यायचं. तुला जमेल तसं ये, चालत ये, तुला आता पाय आहेत असं फादर सांगतात. मी दुपारी घरी एकटीच असते. फार दिवस लावू नकोस, माझंही वय झालंय. राग आहे म्हणून दार लावलेलं असेल असं समजू नकोस. लवकर ये गं.